गॅरी गायगॅक्स

अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स (२७ जुलै, १९३८ – ४ मार्च, २००८) हे अमेरिकन खेळरचनाकार आणि लेखक होते. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी रचलेला व जानेवारी १९७४ मध्ये प्रकाशित झालेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा जगातील पहिला छापील भूमिकाखेळ (रोल-प्लेइंग गेम) मानला जातो. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन भुयारांचे, राक्षसांचे आणि खजिन्यांचे जग उभे करतो, तर काही निर्णय फाशांवर सोपवले जातात. भुयार जिवंत वाटावे आणि ते चालवणारा सूत्रधारही थकून जाऊ नये, यासाठी गायगॅक्स यांनी घालून दिलेल्या पद्धती आजही वापरात आहेत. मात्र ज्या ग्रेहॉक किल्ल्यात या पद्धती घडल्या, तो त्यांच्या हातून संपूर्णपणे कधीच ग्रंथबद्ध झाला नाही.

बालपण व शिक्षण

गायगॅक्स यांचा जन्म शिकागो येथे झाला. त्यांचे वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडहून आलेले स्थलांतरित होते आणि शिकागो सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असत. १९४६ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावी, म्हणजे आईच्या माहेरच्या परिसरात, राहावयास गेले. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ गायगॅक्स यांनी याच छोट्या तलावकाठच्या गावात काढला.

वडील त्यांना जादूगारांच्या आणि योद्ध्यांच्या गोष्टी सांगत. स्वस्त नियतकालिकांतून छापल्या जाणाऱ्या अद्भुतकथांची गोडी त्यांना लहानपणीच लागली. रॉबर्ट ई. हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हान्स हे त्यांचे आवडते लेखक होते. बुद्धिबळ आणि पत्ते यांबरोबरच गावातील एका ओस पडलेल्या आरोग्यधामाच्या इमारतीत व तिच्या खालच्या वाटांत मित्रांसह भटकणे हाही त्यांचा छंद होता.

जानेवारी १९५६ मध्ये वडिलांचे निधन झाले. गायगॅक्स यांनी शालेय शिक्षण अर्धवट सोडले. काही काळ ते मरीन दलात होते, परंतु प्रकृतीच्या कारणावरून त्यांना तेथून मुक्त करण्यात आले. १९५८ मध्ये त्यांचा विवाह मेरी जो पॉवेल यांच्याशी झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. उदरनिर्वाहासाठी गायगॅक्स यांनी विमा व्यवसायात नोकरी केली. १९७० मध्ये ही नोकरी गेल्यानंतर त्यांनी घरीच जोडे दुरुस्तीचे काम सुरू केले. खेळरचनेचे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम याच आर्थिक ओढगस्तीच्या काळात झाले.

युद्धखेळांचा छंद

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीचा 'गेटिसबर्ग' हा युद्धखेळ गायगॅक्स यांच्या हाती पडला. नकाशावर सैन्याची मांडणी करून इतिहासातील लढाया पुन्हा खेळण्याचा हा प्रकार होता. १९६७ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या तळघरात समानधर्मी खेळाडूंचा एक छोटा मेळावा भरवला. पुढच्या वर्षी गावातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन हाच मेळावा मोठ्या प्रमाणावर भरवण्यात आला. 'जेन कॉन' या नावाने तो आजही दरवर्षी भरतो.

१९६९ च्या मेळाव्यात त्यांची भेट मिनेसोटा राज्यातील तरुण खेळाडू डेव्ह आर्नेसन यांच्याशी झाली. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह गायगॅक्स यांनी 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी जादूगार, ड्रॅगन आणि वीरपुरुष यांच्यासाठी एक पुरवणी जोडली. सैन्याऐवजी एकेका वीराला पटावर आणण्याची वाट या पुरवणीने मोकळी केली.

ब्लॅकमूर आणि ग्रेहॉक

मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र पात्र व स्वतंत्र उद्दिष्ट देणारा युद्धखेळ आधीच करून पाहिला होता. त्यातून स्फूर्ती घेऊन आर्नेसन यांनी १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' ही मोहीम सुरू केली आणि खेळाडूंना किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवले. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि डेव्हिड मेगरी यांनी लेक जिनिव्हा येथे येऊन गायगॅक्स यांना हा खेळ प्रत्यक्ष खेळून दाखवला.

गायगॅक्स यांनी लगेच स्वतःचा किल्ला आखण्यास घेतला. 'ग्रेहॉक' असे नाव दिलेल्या या किल्ल्याखाली भुयारांचे मजल्यावर मजले होते. पहिल्या मजल्यावर प्रथम उतरले ते त्यांची मुले अर्नी आणि एलीझ. या दोघांना तेथे ३,००० तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक पेटी सापडली, परंतु ती इतकी जड होती की त्यांना ती नेता आली नाही. मुले झोपल्यावर गायगॅक्स दुसऱ्या मजल्याचा नकाशा काढावयास बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा बालमित्र डॉन के आणि रॉब व टेरी हे कुंट्झ बंधू खेळात सामील झाले.

प्रारंभीच्या आराखड्यात १३ मजले होते. तळाशी पोचणाऱ्यास झॅगिग हा वेडा जादूगार भेटे आणि एका प्रचंड घसरगुंडीवरून तो थेट पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, चीनमध्ये, जाऊन पडे. ग्रेहॉकच्या भुयारांत गांभीर्य आणि थट्टा शेजारी शेजारी नांदत होती.

भुयाराची रचना आणि सूत्रधाराचा भार

किल्ल्याखालील भुयार ही कल्पना महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगर शहरातील औरंगपुरा भागापासून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या देवगिरी अर्थात दौलताबाद किल्ल्यातील 'अंधारी' हा खडकात कोरलेला, वळणे घेत वर चढणारा काळोखा मार्ग प्रसिद्ध आहे. खंदक ओलांडून येणाऱ्या शत्रूला अंधारात गोंधळात पाडणे आणि वरच्या तोंडाशी जाळ व धूर करून त्याला अडवणे, असा तिचा हेतू होता. खेळाचे नियम ग्रंथात बांधण्याची परंपराही या शहराला आहे. औरंगाबादचे ज्योतिर्विद हरिकृष्ण यांनी १८७१ मध्ये रचलेल्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या संस्कृत ग्रंथातील 'क्रीडाकौशल्य' हा भाग पटावरील खेळांना वाहिलेला आहे.

खऱ्या किल्ल्यातील भुयार आणि खेळातील भुयार यांच्या उद्देशात मात्र मूलभूत फरक आहे. अंधारीची रचना कोणी आत येऊ नये यासाठी होती. ग्रेहॉकच्या भुयारात तेच खेळाडू पुन्हा पुन्हा उतरत. एकदा रिकामी केलेली दालने पुढच्या खेपेला तशीच आढळली, तर खेळ निर्जीव झाला असता. दुसरीकडे प्रत्येक दालन प्रत्येक वेळी नव्याने लिहून काढणे एका माणसाच्या आवाक्यात नव्हते. ग्रेहॉकचे खेळ आठवड्यातून अनेकदा होत आणि कधी कधी खेळाडूंची संख्या २० च्या वर जाई. जोडे दुरुस्त करून घर चालवणाऱ्या गायगॅक्स यांना हा व्याप पेलण्यासाठी काही युक्त्या शोधाव्या लागल्या.

पहिली युक्ती म्हणजे त्रोटक टिपणे. नकाशावरील प्रत्येक दालनाला क्रमांक असे आणि त्यापुढे जेमतेम एक ओळ लिहिलेली असे. तेथे कोण राहतो आणि काय दडलेले आहे, एवढेच त्या ओळीवरून कळे. दालनाचा वास, तेथील प्राण्याचा स्वभाव, त्याचे बोलणे हे सारे गायगॅक्स खेळाच्या ओघात रचत.

दुसरी युक्ती फाशांची होती. १९७४ च्या नियमपुस्तिकांतील तिसऱ्या पुस्तिकेत ती सविस्तर मांडलेली आहे. खेळ सुरू करण्यापूर्वी निदान तीन मजल्यांचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढून ठेवावेत, महत्त्वाचे खजिने सूत्रधाराने विचारपूर्वक स्वतः मांडावेत आणि उरलेला मजला फाशांच्या कौलावर भरावा, असा तिचा सल्ला आहे. सहा बाजूंच्या फाशावर १ किंवा २ पडल्यास त्या दालनात राक्षस असे. बाकीची बहुतांश दालने रिकामी राहत. रिकाम्या दालनांमुळे सूत्रधाराचे काम कमी होई आणि पुढच्या दाराआड काय असेल याची खेळाडूंची धास्तीही टिकून राही.

भटक्या राक्षसांचा नियम याच पुस्तिकेत आहे. भुयारातील प्रत्येक फेरा दहा मिनिटांचा मानला जाई. फेरा संपताच सूत्रधार फासा टाकी आणि ६ पडल्यास कोणीतरी हिंडणारा जीव समोर येई. तो चाल करून येईल, घुटमळेल की मैत्री करील, हेही दोन फाशांच्या बेरजेवरून ठरवता येत असे. त्यामुळे प्रत्येक भेटीचे पर्यवसान लढाईत होत नसे, आणि पुढे काय घडणार हे सूत्रधारालाही आधी ठाऊक नसे. सूत्रधाराची उत्सुकता टिकवून धरण्यास या अनिश्चिततेचा मोठा उपयोग झाला.

भुयार ताजे ठेवण्याच्या सूचनाही त्यात आहेत. नकाशावर खोडरबर फिरवून एखादी वाट बुजवावी, नवी वाट काढावी, एका दालनाची दोन करावीत. रिकाम्या झालेल्या भागात नवे रहिवासी आणावेत. नकाशाच्या दिशाही उलट कराव्यात, म्हणजे जुन्या खेळाडूंचे हाताने काढलेले नकाशे निरुपयोगी ठरतील. सगळे भुयार नव्याने रचण्याऐवजी थोड्या फेरफारांतून ते बदलल्याचा भास निर्माण करणारी ही पद्धत होती.

तिसरा उपाय भार वाटून घेण्याचा होता. गायगॅक्स यांनी रॉब कुंट्झ यांना ग्रेहॉकचे सहसूत्रधार केले. कुंट्झ यांची स्वतःची भुयारे ग्रेहॉकमध्ये सामावून घेण्यासाठी गायगॅक्स यांनी आपला तळचा मजला रद्द केला. पुढे मजल्यांची संख्या ४० च्या वर गेली. या व्यवस्थेमुळे गायगॅक्स यांना लेखनासाठी वेळ मिळाला आणि स्वतःच्याच किल्ल्यात खेळाडू म्हणून उतरण्याची संधीही मिळाली. मॉर्डेनकायनेन हा जादूगार त्यांनी याच काळात खेळाडू म्हणून निर्माण केला.

प्रकाशन आणि टीएसआर

हे नियम छापण्यास कोणी प्रकाशक तयार झाला नाही. तेव्हा १९७३ मध्ये गायगॅक्स आणि डॉन के यांनी 'टॅक्टिकल स्टडीज रूल्स' (टीएसआर) ही संस्था स्थापन केली. के यांनी आपल्या वाट्याचे भांडवल आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून उभे केले. पुढे ब्रायन ब्लूम भागीदार झाले. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिका असलेली डंजन्स अँड ड्रॅगन्सची पेटी बाजारात आली. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती वर्षभरातच संपल्या. ३१ जानेवारी, १९७५ रोजी के यांचे हृदयविकाराने अकाली निधन झाले आणि भागीदारीची पुनर्रचना करावी लागली.

त्याच वर्षी निघालेल्या 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात गायगॅक्स यांनी फाशांच्या तक्त्यांवरून संपूर्ण भुयार रचण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे सूत्रधाराशिवाय एकट्यानेही खेळता येऊ लागले. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड' या ग्रंथाच्या परिशिष्टांत हे तक्ते अधिक विस्ताराने आले. वाट कोठे वळते, दार कोणत्या भिंतीत आहे, दालनात कोणता आवाज किंवा वास येतो, याचेही तक्ते त्यात आहेत.

साहस-संहिता

१९७७ ते १९७९ या काळात गायगॅक्स यांनी खेळाच्या प्रगत आवृत्तीचे तीन मोठे ग्रंथ लिहिले. त्यांपैकी 'प्लेयर्स हँडबुक'च्या नियमलेखनाने शीण आला असता विसावा म्हणून त्यांनी राक्षसी मानवांच्या गढ्यांवरील तीन साहस-संहिता लिहिल्या. त्या १९७८ मध्ये प्रकाशित झाल्या. त्याच वर्षी आलेली 'टूम ऑफ हॉरर्स' ही संहिता १९७५ च्या एका स्पर्धेसाठी रचलेली होती. तिच्यातील सापळ्यांसमोर कसलेल्या खेळाडूंचीही पात्रे मरत, त्यामुळे ती विशेष गाजली.

नवख्या सूत्रधारांसाठी लिहिलेली 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही संहिता १९८० च्या सुमारास खेळाच्या प्राथमिक पेटीसोबत मिळू लागली. तिच्यातील गुहांमध्ये निरनिराळ्या टोळ्या शेजारी शेजारी राहतात. काहींचे आपसात वैर आहे, तर काहींचे साटेलोटे. गॉब्लिनांच्या वस्तीवर हल्ला झाल्यास ते शेजारच्या गुहेतील ओगरकडे नाण्यांची थैली फेकतात आणि तो पैसे घेऊन मदतीला धावतो. अशा एका लहानशा नोंदीमुळे खेळाडूंच्या कृतीचे पडसाद आपोआप उमटतात. सूत्रधाराला प्रसंग आधीपासून रचून ठेवावे लागत नाहीत, कोणाला काय हवे आहे एवढे लक्षात ठेवले की पुरते. या संहितेतील गढीत राहणाऱ्यांना नावे दिलेली नाहीत आणि एक गुहा सूत्रधाराने स्वतः भरावी म्हणून मोकळी सोडलेली आहे.

वाद आणि टीका

मानधनाच्या प्रश्नावरून आर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला. १९८१ मध्ये तडजोड होऊन तो मिटला. खेळाच्या निर्मितीत कोणाचा वाटा किती, याची चर्चा अभ्यासकांत आजही चालते. भुयारात उतरणाऱ्या एकेका पात्राची कल्पना आर्नेसन यांच्याकडून आली आणि गायगॅक्स यांनी तिला सुसंगत नियमांचे रूप देऊन ती लोकांपर्यंत पोचवली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील काही धार्मिक व पालक संघटनांनी हा खेळ तरुणांना सैतानी मार्गाला लावतो असा आरोप केला. गायगॅक्स यांनी दूरचित्रवाणीवर येऊन त्याचे खंडन केले. या गदारोळात खेळाची प्रसिद्धी आणि विक्री वाढली.

टीएसआरमधून निर्गमन

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी गायगॅक्स चित्रपट व दूरचित्रवाणीच्या कामासाठी कॅलिफोर्नियात होते. त्या प्रयत्नांतून १९८३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सवर आधारित व्यंगचित्र मालिका प्रसारित झाली. दरम्यान टीएसआर कर्जात बुडाली. गायगॅक्स यांनी परत येऊन कारभार हाती घेतला, परंतु ऑक्टोबर १९८५ मध्ये ब्लूम कुटुंबाचे समभाग लॉरेन विल्यम्स यांनी विकत घेतले आणि कंपनीवरील गायगॅक्स यांचे नियंत्रण संपुष्टात आले. पुढच्या वर्षी त्यांनी टीएसआर सोडली.

कंपनीबरोबर ग्रेहॉक हे नावही त्यांच्या हातून गेले. १९८८ मध्ये टीएसआरने 'कॅसल ग्रेहॉक' नावाचे विडंबनात्मक पुस्तक काढले आणि १९९० मध्ये 'ग्रेहॉक रुइन्स' प्रसिद्ध केले. या दोन्ही पुस्तकांत गायगॅक्स यांच्या मूळ भुयारांचे नकाशे नव्हते.

उत्तरायुष्य आणि अपूर्ण किल्ला

१९८७ मध्ये गायगॅक्स यांनी गेल कारपेंटर यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांनी 'डेंजरस जर्नीज' (१९९२) आणि 'लेजंडरी अ‍ॅडव्हेंचर' (१९९९) हे नवे भूमिकाखेळ रचले, परंतु त्यांना पहिल्या खेळाएवढे यश लाभले नाही. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतल्यानंतर मूळ खेळाशी त्यांचे संबंध पुन्हा सुधारले.

उतारवयात त्यांनी आपला किल्ला 'कॅसल झॅगिग' या बदललेल्या नावाने ग्रंथरूपात आणण्याचे काम हाती घेतले. येथे जुन्या पद्धतीचीच अडचण झाली. नकाशे होते, पण टिपणे एकेका ओळीची होती. भुयाराला जिवंतपणा देणारा तपशील कागदावर कधी उतरलाच नव्हता. तो खेळाच्या वेळी सुचला होता आणि खेळाडूंच्या आठवणीत राहिला होता. दुसऱ्या कोणाला ही भुयारे चालवता यावीत, तर प्रत्येक दालन नव्याने लिहून काढणे भाग होते. मजल्यांची संख्या कमी करून किल्ला नव्याने बांधण्याचे ठरले. रॉब कुंट्झ काही काळाने या कामातून बाजूला झाले. २००४ मध्ये गायगॅक्स यांना पक्षाघाताचे झटके आले आणि लेखनाचा वेग मंदावला. २००५ मध्ये किल्ल्याजवळच्या नगराचा खंड निघाला, तर किल्ल्याच्या वरच्या वास्तूंचा खंड २००८ मध्ये आला. खालच्या भुयारांचे मजले छापले जाण्यापूर्वीच ४ मार्च, २००८ रोजी लेक जिनिव्हा येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ६९ वर्षांचे होते. त्यानंतर ही ग्रंथमाला थांबली.

वारसा

गायगॅक्स यांच्या स्मरणार्थ २००९ पासून लेक जिनिव्हा येथे 'गॅरी कॉन' हा मेळावा भरतो. पात्राची पातळी, अनुभवाचे गुण, भुयाराचे मजले या संकल्पना डंजन्स अँड ड्रॅगन्समधून संगणकीय खेळांत गेल्या. प्रत्येक वेळी नवे भुयार आपोआप रचणाऱ्या संगणकीय खेळांची कल्पना फाशांच्या जुन्या तक्त्यांशी नाते सांगते.

सूत्रधाराच्या थकव्यावर आज सुचवले जाणारे बहुतेक उपाय ग्रेहॉकच्या तळघरात आधीच वापरले गेले होते. थोडे लिहावे, उरलेले फाशांवर व खेळाडूंवर सोपवावे आणि सूत्रधाराचे आसन अधूनमधून दुसऱ्याला द्यावे, असे त्यांचे सार सांगता येते. यांतील पहिल्या उपायाची किंमत मात्र ग्रेहॉकनेच मोजली. त्या एकओळी टिपणांमुळे गायगॅक्स यांना वर्षानुवर्षे न थकता खेळ चालवता आला आणि त्यांच्याच त्रोटकपणामुळे मूळ भुयारे त्यांच्यानंतरच्या खेळाडूंसाठी बंद राहिली.